स्वयंपाकघराला कुलूप

१

माझ्या धाकट्या भावाच्या कारखान्यात सकाळी एरंडेलाची बाटली सापडली आणि दुपारच्या आत तिथल्या स्वयंपाकघराला कुलूप लागलं.

कारखाना मातीच्या शिट्ट्यांचा. पक्ष्याच्या आकाराच्या, शेपटीतून फुंकायच्या. बाटली सापडली ती स्वयंपाकाच्या मावशींच्या कपाटात, पिठाच्या डब्यामागे, अर्धी रिकामी. शोधून काढली ती मुकादमांनी. कारखान्यातली निम्मी माणसं गेले काही आठवडे पोट धरून संडासाच्या वाऱ्या करत होती, त्यामुळे बाटलीतलं उरलेलं तेल गेलं कुठे, हे कुणी विचारलंच नाही. सगळ्यांनी आपापल्या मनाशी ठरवून टाकलं.

संध्याकाळी भाऊ आमच्याकडे आला तो एरंडेल आपणच प्यायल्यासारखं तोंड करून.

"वहिनी, तुम्हीच काहीतरी करा," तो आल्या आल्या माझ्या बायकोला म्हणाला. मी थोरला भाऊ समोर बसलेला असून माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. त्याचंही बरोबर आहे. मी निवृत्त ड्रॉइंग मास्तर. आणि आमची ही परजीवींची डॉक्टर. घराच्या खालच्या मजल्यावर तिची प्रयोगशाळा आहे. लोकांच्या पोटात कोण बिनभाड्याने राहतंय हे शोधणं हा तिचा धंदा. जेवताना जंतांचं नाव काढायचं नाही, हा साधा नियम मला इतक्या वर्षांत घरात लागू करता आलेला नाही.

"मुकादम म्हणतायत पोलिसात द्या," भाऊ म्हणाला. "शिट्ट्या घडवणारी माणसं म्हणतायत, मावशी असतील तर आम्ही कामावर येत नाही. मोठं काम हातात आहे. आणि मावशी नुसत्या रडतायत."

"भाऊजी, जुलाब रोज होतात का सगळ्यांना?"

"होतात, थांबतात, परत होतात. पोट फुगतं. सडक्या अंड्यासारखे ढेकर येतात. चांगली धडधाकट माणसं वाळून चालली आहेत."

हिने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "एरंडेल दिलं तर माणूस त्याच दिवशी पळतो आणि दुसऱ्या दिवशी मोकळा होतो. आठवडेच्या आठवडे त्रास व्हायचा तर मावशींना रोज तेल घालावं लागेल, आणि त्याची चव एकालाही लागली नाही? शनिवारपर्यंत पोलिसांकडे जाऊ नका. पण खरं सांगू का? तुम्ही म्हणताय ते सगळं मला तेलापेक्षा वाईट वाटतंय."

२

कारखाना म्हणजे एक लांबलचक शेड. पुढच्या भागात शिट्टीचं दालन. तिथे ओल्या मातीचं काम चालतं, जमीन कायम निसरडी. मागच्या अंगणात भट्टी. तिथे सगळं कोरडं आणि तापलेलं. भट्टीवाल्यांचा नळ वेगळा, संडास वेगळा, रुबाबही वेगळा. मधे स्वयंपाकघर. दुपारी दोन्हीकडची माणसं तिथेच एका पंगतीत जेवायची.

मुकादम दारातच भेटले. पांढऱ्या मिशा, भरदार छाती, आणि जाता येता प्रत्येक वस्तूला हात लावून बघायची सवय. बाटली सापडल्यापासून ते जरा जास्तच ताठ चालत होते.

"डॉक्टरीणबाई, सरळ गोष्ट आहे," ते म्हणाले. "जेवण एकच. पण आजारी कोण? फक्त शिट्टीचं दालन. भट्टीवाला एकही नाही. आता ऐका. शिट्टीवाल्यांनी मध्यंतरी तक्रार केली की जेवण खारट असतं. मावशी चिडून म्हणाल्या, एकेकाला बघून घेईन! सगळ्यांनी ऐकलंय. मग ही बाटली. अजून काय पाहिजे?"

मला तर त्यांचं म्हणणं चोख वाटलं. मी मान डोलावली, तशी हिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लगेच छताकडे बघायला लागलो.

"आणि तुम्ही कुणीकडचे?" हिने विचारलं.

"मी दोन्हीकडचा. बसतो शिट्टीच्या दालनात, जेवतो दुप्पट." त्यांनी पोटावर थाप मारली. "मावशींचं माझ्याशी वाकडं नाही ना, म्हणून मला काही नाही! मी दगड पचवतो."

"छान. मला सगळ्यांच्या शौचाचे नमुने लागतील. तुमचासुद्धा."

मुकादम खो खो हसले. "ज्याचं दुखतंय त्याचा घ्या की! ठणठणीत माणसाचा नमुना घेऊन काय करणार, फ्रेम करून लावणार?"

मावशी कुलपासमोर उपड्या घातलेल्या खोक्यावर बसल्या होत्या. हातांना काम नव्हतं, म्हणून पदराचं टोक पिळत होत्या. ही त्यांच्याजवळ खाली जमिनीवरच बसली.

"मावशी, तेल कशासाठी?"

मावशींनी चप्पल काढली. टाचा उभ्या आडव्या भेगाळलेल्या होत्या आणि तेलाने चकाकत होत्या. त्यावर कारखान्यातली धूळ घट्ट बसली होती.

"दिवसभर उभी असते मी. रात्री लावते, सकाळी येऊन परत लावते," त्या म्हणाल्या. "बघून घेईन म्हणाले होते, खोटं कशाला बोलू? राग आला की माणूस काय काय बोलतं. पण अन्नात घालीन मी? काल शिट्टीवाली बुलबुल समोरून गेली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्या हातचं खाऊन तिची दोन बाळंतपणं झाली. डॉक्टरीणबाई, मला दुसरं काय येतं हो? उद्या लोक म्हणाले की हिच्या हातचं खाऊ नका, तर मला कोण उभं करेल चुलीपाशी?"

मला एकदम लाज वाटली. मघाशी मी मान डोलावली होती ना, त्याची.

३

नमुन्यांच्या डब्या गाडीतून आणायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्या काचा खाली करून मी गाडी चालवली, आणि त्या विषयावर इथे आणखी काही बोलणार नाही.

पहिल्या दिवशी ही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली ती उठलीच नाही. चहा थंड झाला, दुसरा केला, तोही थंड झाला. शेवटी मान वर करून म्हणाली, "काहीच नाही."

"म्हणजे?"

"एकाही डबीत काही सापडलं नाही."

ही बातमी कारखान्यात पोचायचा अवकाश, भावाचा फोन आला. त्याच्या मागे मुकादमांचा आवाज ऐकू येत होता. "जंतू नाहीत ना? मग तेलच! मी म्हटलं नव्हतं?"

"भाऊजी, त्यांना सांगा, काही पाहुणे रोज घराबाहेर पडत नाहीत," ही शांतपणे म्हणाली. "आज दिसला नाही म्हणजे आत नाही असं होत नाही. उद्या आणि परवा परत नमुने लागतील."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "खात्री आहे का नुसतं म्हणतेयस?"

"नुसतं म्हणतेय," ती म्हणाली आणि थंड चहा एका घोटात पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवशीही हाती काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खालून हाक आली, "अहो! लवकर या, पळून जाईल!"

मी डोळा लावला. समोर एक उलटा थेंब वळवळत होता, खाली निमुळता. त्याला शेजारी शेजारी दोन डोळे होते आणि तो सरळ माझ्याकडेच बघत होता. इतका गोजिरवाणा चोर मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"जिआर्डिया," ही म्हणाली. ती इतकी खूश होती की मला भीती वाटली. "एका माणसाच्या पोटातून बाहेर पडायचं, स्वतःभोवती कवच करून ओलाव्यात पडून राहायचं आणि दुसऱ्याच्या तोंडातून परत आत शिरायचं. गोळ्यांनी बरा होतो. सगळे बरे होतील!"

संध्याकाळपर्यंत शिट्टीच्या दालनातल्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात तो सापडला. भट्टीवाल्यांपैकी एकाच्याही पोटात नव्हता. मावशींचे तिन्ही नमुने स्वच्छ निघाले.

मी उत्साहाने भावाला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि खचलेल्या आवाजात म्हणाला, "दादा, म्हणजे जेवणातून घाण गेली. तेल नसेल, पण स्वयंपाकघर मावशींचंच ना? आता तर मला त्यांना काढावंच लागेल."

४

"इकडे बोलवा त्यांना," ही म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

भाऊ आला. चेहरा ओढलेला. हिने त्याला समोर बसवलं आणि शांतपणे समजावायला घेतलं. जेवणात घाण असती तर भट्टीवाले का सुटले? पंगत एक, पातेलं एक, जेवतानाचं पाणी एक. आणि हा परजीवी पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला आठवडा दोन आठवडे लागतात, त्यामुळे अमुक दिवशी जेवलो आणि लगेच बिघडलं हा हिशेबच इथे चालत नाही.

ती बोलत असतानाच भाऊ "आलोच" म्हणून उठला आणि आत गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा पँट सावरत आला. हिची नजर त्याच्या पट्ट्यावर गेली. पट्ट्याला खिळ्याने पाडलेलं नवं भोक होतं.

"भाऊजी," ती एकदम मऊ आवाजात म्हणाली, "किती दिवस झाले?"

भाऊ लाल झाला. "अहो वहिनी, तसं काही नाही, उगाच जरा..."

"किती दिवस?"

"झाले खूप दिवस," तो पुटपुटला. "मालकालाच लागलीय म्हटल्यावर कारखान्यात तोंड कसं दाखवणार? बायकोलासुद्धा सांगितलं नाही मी."

मला हसू आवरेना. पण ही उठून उभीच राहिली.

"तुम्ही कारखान्यात जेवता?"

"कधीच नाही. डबा घरचा. पाणी घरचं, बाटली भरून नेतो."

"जाऊबाई आणि मुलं बरी आहेत?"

"एकदम बरी."

"संडास, हात धुणं?"

"माझ्या ऑफिसला जोडून वेगळं आहे."

"म्हणजे मावशी सुटल्या!" मी ओरडलो. "हा त्यांच्या हातचा घाससुद्धा खात नाही!"

"सुटल्या," ही म्हणाली, "पण खरी वाट सापडेपर्यंत कुणी मानणार नाही. भाऊजी, नीट आठवा. शिट्टीच्या दालनातल्यांच्या तोंडात जातं, तुमच्या तोंडात जातं, आणि भट्टीवाल्यांच्या तोंडात जात नाही, असं काय आहे?"

भावाने खूप विचार केला. शेवटी दोन्ही हात पसरून म्हणाला, "काहीच नाही हो, वहिनी."

५

दुसऱ्या दिवशी हिने शिट्टीचं दालन चालू करायला लावलं. "मला काम बघायचंय. मी इथे नाही असं समजा." एक डॉक्टरीण स्टूल टाकून नाकासमोर बसलेली असताना असं समजणं अवघडच होतं, पण थोड्या वेळाने माणसं रमली.

बुलबुल आमच्या समोर बसली होती. दालनातली सगळ्यात गोड शिट्टी तिची, म्हणून हे नाव. आजाराने गालफडं बसली होती, पण बोटं चपळ होती. तिने मातीचा गोळा घेतला, आतून पोकळ केला, वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून पक्ष्याची पाठ गुळगुळीत केली. बारीक काडीने शेपटीत फट पाडली. मग तोच ओला पक्षी ओठांना लावून फुंकला. फुस्स झालं. फट जरा कोरली, परत फुंकली. जरासा सूर आला. परत कोरली, परत फुंकली.

"कच्च्या मातीतच सूर लावावा लागतो," ओठांवरची माती हाताच्या पाठीने पुसत ती म्हणाली. "भाजून झाली की मग काही बदलता येत नाही."

दालनभर तेच चाललं होतं. फुस्स, फी, फुर्रर्र. भाऊ कौतुकाने एकेका टेबलापाशी थांबत होता. बुलबुलने सूर लावलेली शिट्टी खाली ठेवली, तशी त्याने ती सहज उचलली आणि तोंडाकडे नेली.

हिने झडप घालून त्याचं मनगट धरलं. "थांबा!"

शिट्टी त्याच्या हातातून काढून घेत तिने विचारलं,

"रोज करता हे?"

"म्हणजे काय? मालक आहे मी. प्रत्येकीच्या हातचा सूर मी ऐकतोच," भाऊ गोंधळून म्हणाला.

"आणि भट्टीवाले?"

"ते पण वाजवून बघतात, पण भाजल्यावर."

"भाजल्यावर," ही म्हणाली. "आगीतून निघाल्यावर कुठला परजीवी राहतोय! आता एवढंच सांगा, ही माती येते कुठून?"

६

मुकादमांनी अभिमानाने दाखवलं. दालनाच्या कोपऱ्यात भलामोठा हौद होता. मातीने माखलेले हात त्यात धुवायचे. माती तळाशी बसली की वरचं पाणी काढायचं आणि तो लोण्यासारखा गाळ मळून परत वापरायचा. शिट्टीला हीच माती सगळ्यात चांगली, इतकी मऊ दुसरी मिळत नाही.

"कणभर माती वाया जाऊ देत नाही मी," मुकादम म्हणाले.

ही संडासाकडे गेली. तिथल्या बेसिनवर फळी ठोकलेली होती. नळ काढून टाकलेला.

"हे कधी केलंत?"

"मातीने पाइप तुंबायचा सारखा," मुकादम म्हणाले. "माणसं माखलेले हात तिथे धुवायची. नुकसान किती! मी सांगितलं, बेसिन बंद. सगळ्यांनी हात हौदातच धुवायचे."

"सगळे हात? संडासातून आल्यावरचेसुद्धा?"

मुकादमांनी फळीवर ठेवलेला हात झटकन मागे घेतला. त्यांना कळलं. बुलबुलला कळलं. मलासुद्धा कळलं, आणि मी नकळत ओठ पुसले, मी काहीही फुंकलेलं नसताना.

कुठल्याच दुसऱ्या कारखान्यात ही चूक झाली नसती. दुसरीकडे हात धुतलेलं पाणी गटारात जातं. इथे ते जपून ठेवत, मळत आणि ओठांना लावत होते.

हिने हौदातला गाळ आणि बुलबुलच्या वाटीतलं पाणी बाटल्यांत भरून घेतलं. घरी एका दाट द्रावणात ते घुसळलं. माती खाली बसली आणि हलकी कवचं वर तरंगली. या वेळी ती स्वतः उठली आणि मला खुर्चीवर बसवलं. कवचात गुंडाळून झोपलेले ते अंडाकृती चोर मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

"पण हौदात पहिल्यांदा आला कुणाकडून?" मी विचारलं. "कुणीतरी सुरुवात केली असेलच ना?"

"काही माणसांच्या पोटात तो निवांत राहतो," ही म्हणाली. "त्रास काही देत नाही. माणूस म्हणतो मी ठणठणीत आहे, दगड पचवतो. अहो, एकच नमुना आपल्याकडे आलेला नाही."

७

मुकादमांनी डबी आणून दिली ती मान खाली घालून. हिला निकाल सांगायला जावं लागलं नाही, शनिवारी सकाळी ते स्वतःच प्रयोगशाळेत आले.

"आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण तुम्हीच पहिले, असं मी शपथेवर सांगणार नाही. तुम्हालाही हौदातून मिळाला असू शकतो. गोळ्या घ्या, जाईल. तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही."

मुकादम बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "फळी कुणी ठोकली, त्यात काही शंका नाही ना?"

दुपारी भावाने सगळ्यांना अंगणात जमवलं. हिने सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. गोळ्या वाटल्या. भाजलेल्या शिट्ट्यांना काही धोका नाही, तयार माल खुशाल पाठवा, असं सांगितलं तेव्हा भावाने सुटकेचा केवढा मोठा श्वास सोडला! यापुढे माखलेले हात हौदात, पण संडासातून आल्यावर बेसिनवरची फळी काढून परत बसवलेल्या नळाखाली, साबणाने. जुनी माती सगळी भट्टीत भाजून टाकायची. आणि कच्च्या शिट्टीला तोंड लावायचं नाही, सूर लावायला प्रत्येकाला सायकलच्या पंपाएवढा छोटा भाता. बुलबुल म्हणाली, भात्याने सूर लागेल का कोण जाणे, पण करून बघते.

मावशी कडेला उभ्या होत्या. हिने त्यांचं नाव निर्दोष म्हणून घेतलं, लोकांनी माना हलवल्या, आणि कुणी त्यांच्याकडे बघेना. चुकलेल्या माणसांना बघायला जड जातं.

मुकादम पुढे आले. आवाज नेहमीसारखा मोठा होता, पण मधेच फाटत होता. "मावशींवर आळ मी घेतला. कपाट मी उचकलं. आणि बेसिनवर फळी मारली तीही मीच. तुमची पोटं बिघडली ती माझ्या शहाणपणामुळे. माझ्या स्वतःच्या पोटातही तोच आहे. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मावशींपुढे धरली. "मला काय बोलायचं ते बोला."

मला वाटलं, आता मावशी धो धो रडणार, किंवा चांगल्या चार शिव्या तरी घालणार. त्यांना तो हक्कच होता. त्यांनी किल्ली घेतली, कुलूप उघडलं, आत जाऊन चूल पेटवली. पातेल्यांचा आवाज ऐकू यायला लागला. लोक तसेच अंगणात ताटकळत उभे. कुणाला आत जायचा धीर होईना आणि घरी जायचाही.

बऱ्याच वेळाने मावशी दारात आल्या. एका हातात साबण होता.

"जेवायचंय ना?" त्या म्हणाल्या. "मग रांग लावा. हात बघितल्याशिवाय आत कुणी यायचं नाही."

बुलबुल धावत जाऊन त्यांच्या गळ्यात पडली, तिलाही त्यांनी आधी नळाकडे पिटाळलं. माझा भाऊ, घरच्या डब्याचा माणूस, गुपचूप रांगेत उभा राहिला. मीही राहिलो. सगळ्यात पुढे मुकादम होते. त्यांनी नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले आणि शाळेतल्या पोरासारखे पालथे करून मावशींपुढे धरले.

मावशींनी ते उलटसुलट करून नीट पाहिले. नखं एकेक तपासली. आणि म्हणाल्या,

"परत धुवा, मुकादम. भात होतोय तोवर वेळ आहे."

मुकादम परत नळाकडे गेले.